‘देशी’चा विरुद्धार्थी शब्द : प्रस्तावना

‘देशी’ हा ‘देश’ या नामापासून बनलेला विशेषण-शब्द. त्याचा कोशातला अर्थ एका ओळीत मावतो : त्या त्या प्रदेशातला, तिथे उपजलेला, तिथे रुळलेला. व्यवहारात मात्र ही एक ओळ पुरत नाही. मराठी बाजारात देशी गाय जर्सीहून वेगळी असते आणि देशी कापूस अमेरिकन कापसाहून. व्याकरणाच्या पुस्तकात देशी शब्द तत्समाहून वेगळा, तर संगीतशास्त्रात देशी गायन मार्गी गायनाहून वेगळे. अबकारी कायद्यात देशी दारू ‘भारतीय बनावटीच्या विदेशी मद्या’पासून वेगळी नोंदवतात. तिथे हा शब्द उगमस्थान सांगत नाही, कराचा वर्ग सांगतो. शब्द एकच असला तरी प्रत्येक ठिकाणी त्याच्यासमोर दुसराच शब्द उभा असतो, आणि अर्थ ठरतो तो या समोरच्या शब्दामुळे. म्हणून ‘देशी म्हणजे काय’ हे समजून घ्यायचे तर आधी ‘कशाच्या विरुद्ध’ हे विचारावे लागते.

‘देश’ या शब्दातच ही गुंतागुंत आहे. मराठीत देश म्हणजे राष्ट्र, तसेच सह्याद्रीच्या माथ्यापलीकडचे पठारही. ‘देशावरचा’ माणूस कोकणातल्या माणसाहून वेगळा. ‘देशस्थ’ हे नाव त्यातूनच आले. या दुसऱ्या अर्थाने रत्नागिरीचा माणूस भारतीय असूनही देशावरचा नव्हे. ‘परदेशी’ या शब्दाची कथाही अशीच आहे. उत्तरेतून, विशेषतः अवध आणि त्याच्या पूर्वेकडच्या मुलखातून, चाकरीसाठी महाराष्ट्रात आलेल्या शिपायांना पेशवाईत ‘परदेशी’ म्हणत. त्यांतले कित्येक इथेच राहिले. आज परदेशी आडनावाची अनेक घराणी पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आहेत. तिकडे अवधच्या लोकगीतांत ‘परदेसी’ म्हणजे घर सोडून दूर गेलेला नवरा. महाराष्ट्राने ज्याला परका म्हणून हे नाव दिले, त्याला त्याच्या गावाने दुरावलेला आपला माणूस म्हणून तेच नाव दिले. लखनऊ आणि महाराष्ट्र ही दोन ठिकाणे समोरासमोर ठेवली की या शब्दाचे बहुतेक अर्थ उलगडत जातात. प्रस्तुत संग्रहाची मांडणीही याच जोडीभोवती केली आहे.

मार्गी आणि देशी

या शब्दाचा एक जुना शास्त्रीय वापर संगीतात सापडतो. मतंगाच्या ‘बृहद्देशी’ या ग्रंथाच्या नावातच देशी आहे. स्त्रिया, मुले, गुराखी आणि राजे आपापल्या प्रदेशात आवडीने जे गातात ते देशी, अशी त्याची व्याख्या आहे. गुराखी आणि राजा एकाच यादीत आहेत, हे महत्त्वाचे. इथे देशी म्हणजे खालच्या वर्गाचे असा अर्थ नाही. प्रदेशाप्रमाणे बदलणारे आणि लोकांना रिझवणारे एवढाच आहे. मार्गी मात्र नियमांनी बांधलेले, देवांनी आखून दिलेले मानले गेले. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला आणि हा भेद अधिक पक्का केला. मार्ग-देशी हा विचार मराठी भूमीवर इतका जुना आहे.

सात शतकांनंतर विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) या मुंबईच्या वकिलाने तोच भेद नव्याने हाती घेतला. जुन्या ग्रंथांतले मार्गी संगीत आता कोणी गात नाही, प्रचारात आहे ते सारे देशीच आहे, म्हणून शास्त्र रचायचे तर ते आज गाइल्या जाणाऱ्या संगीतावरून रचले पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. देशभर फिरून त्यांनी उस्तादांकडून बंदिशी मिळवल्या, त्या स्वरलिपीत उतरवल्या आणि राग दहा थाटांत बसवले. ‘हिंदुस्थानी संगीत-पद्धति’ हा त्यांचा ग्रंथ मूळ मराठीत, गुरुशिष्य-संवादाच्या रूपात आहे. लखनऊला १९२४ आणि १९२५ साली भरलेल्या संगीत परिषदांनंतर १९२६ मध्ये तिथे मॅरिस कॉलेज सुरू झाले. ते पुढे भातखंड्यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. मुंबईचेच श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी प्राचार्य म्हणून अनेक वर्षे ते चालवले. वाजिद अली शाहच्या कैसरबागेच्या परिसरात एका मराठी माणसाची पद्धती अवधच्या विद्यार्थ्यांना शिकवली जाऊ लागली.

या घटनेतून देशीचा एक स्वभाव दिसतो. जे प्रदेशागणिक बदलते, कानावरून कानावर जाते ते देशी; पण एकदा त्याची लिपी झाली, अभ्यासक्रम झाला, परीक्षा सुरू झाली की तेच पुढच्या पिढीसाठी मार्गी होते. भातखंड्यांच्या पद्धतीवरचा मोठा आक्षेप हाच आहे : घराण्यांच्या तोंडी परंपरेतले बारकावे या चौकटीत बसले नाहीत. त्यांच्या बाजूने सांगण्यासारखी गोष्टही तितकीच खरी आहे. या चौकटीमुळे घराण्याबाहेरच्या हजारो मुलामुलींना संगीताचे दार उघडले. देशी आणि मार्गी हे दोन कायमचे कप्पे नाहीत. एकाच प्रवाहाची ती दोन वळणे आहेत.

शब्दांचे कूळ

भाषेच्या क्षेत्रात देशीची जोडी संस्कृतशी लागली. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्राने ‘देशीनाममाला’ रचली. संस्कृतापासून व्याकरणाच्या नियमांनी साधता न येणारे प्राकृत शब्द त्याने त्यात गोळा केले. मराठी शालेय व्याकरणात आजही तत्सम, तद्भव, देशी आणि परभाषीय अशी वर्गवारी शिकवतात. झाड, दगड, धोंडा, डोके हे देशी शब्दांचे नेहमीचे दाखले. कृष्णाजी पांडुरंग कुलकर्णी यांच्या ‘मराठी व्युत्पत्ति कोशा’सारख्या कामांनी आणि विश्वनाथ खैरे यांच्या मराठी-तमिळ संबंधांच्या शोधाने एक गोष्ट पुढे आणली. देशी म्हणून बाजूला ठेवलेले कित्येक शब्द निर्वंश नाहीत, त्यांचे कूळ केवळ संस्कृतात शोधले जात होते. ज्याची वंशावळ ठाऊक नाही त्याला देशी म्हणायचे, ही सवय भाषेप्रमाणे समाजातही लागते.

हेमचंद्रानंतरच्या शतकात मराठीने देशी असण्याचा अभिमानही धरला. महानुभावांनी धर्मव्यवहारासाठी मराठी निवडली. ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये गीतेवरची टीका देशी भाषेत रचताना ही भाषा संस्कृताच्या तोलाची आहे असे दाखवून दिले. पुढे सतराव्या शतकात शिवाजी महाराजांच्या आज्ञेने झालेल्या ‘राज्यव्यवहारकोशा’त सुमारे १४०० दरबारी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. विसाव्या शतकात सावरकरांच्या भाषाशुद्धीने महापौर, दिनांक, चित्रपट असे शब्द रूढ केले. या दोन्ही उपक्रमांत समोरचा शब्द बदलला. आता फारसी आणि इंग्रजी परकी ठरली आणि संस्कृत स्वकीय. हेमचंद्राच्या वर्गवारीत जे देशी नव्हते, तेच इथे स्वदेशी झाले. माधव जूलियन यांचा ‘भाषाशुद्धि-विवेक’ याच चळवळीतला.

लखनऊत याच प्रश्नाने वेगळे रूप घेतले. १८०० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत इंशाअल्ला खाँ यांनी ‘रानी केतकी की कहानी’ लिहिली. अरबी-फारसी शब्द नकोत, ‘भाखा’पण नको आणि गावंढळ बोलही नकोत, अशी त्यांची अट होती. त्यांची देशी भाषा परक्यांपासून सुटी होती, तशीच खेड्यापासूनही. ती सभ्य शहरी माणसाची होती. पुढे लखनऊचेच शायर नासिख यांच्या वळणाच्या कवितेने नेमके उलट केले आणि अनेक हिंदवी शब्द काव्यातून वर्ज्य ठरवले. याच शहराने ‘अहले-जबान’ आणि ‘जबानदाँ’ हा भेद जपला. पहिल्याला भाषा जन्माने मिळालेली, दुसऱ्याने ती अभ्यासाने मिळवलेली. भाषेवर हक्क जन्माचा की कष्टाचा, हा प्रश्न आजच्या प्रत्येक स्थलांतरित कुटुंबाच्या घरात आहे. लखनऊने त्याला दोनशे वर्षांपूर्वीच नावे दिली होती.

नेटिव्ह ते स्वदेशी

इंग्रजी अमलात ‘नेटिव्ह’ हा शब्द आला. लॅटिन मुळात त्याचा अर्थ केवळ जन्माने त्या जागेचा. साम्राज्याच्या कारभारात मात्र नेटिव्ह म्हणजे ज्याच्यावर राज्य करायचे तो. १८५७ मध्ये लखनऊच्या रेसिडेन्सीला वेढा पडला तेव्हा वेढा घालणारेही नेटिव्ह होते, आणि आत इंग्रजांच्या बाजूने लढणारे शेकडो हिंदी शिपाईही नेटिव्हच. शब्दाने निष्ठा सांगितली नाही, गाव सांगितले नाही. फक्त दर्जा सांगितला. मुंबईत १८२० च्या दशकात स्थापन झालेल्या शिक्षणसंस्थेच्या नावातही नेटिव्ह होते. मराठीत त्यासाठी ‘एतद्देशीय’, ‘देशी’, ‘हिंदी’ असे पर्याय वापरात आले. संस्थानिकांची राज्ये ‘देशी संस्थाने’ झाली. १८७८ च्या व्हर्नाक्युलर प्रेस ॲक्टने देशी भाषांतील वृत्तपत्रांवर निर्बंध घातले. ‘व्हर्नाक्युलर’चे लॅटिन मूळ घरात जन्मलेल्या गुलामासाठीचा शब्द मानले जाते. राज्यकर्त्यांच्या शब्दांत देशीपणाला खालची पायरी मिळाली ती अशी.

ती पायरी उलटी फिरवली स्वदेशीने. लोकहितवादींनी १८४० च्या दशकाच्या शेवटी ‘शतपत्रां’तून इथल्या मालाचा आग्रह धरला. ‘सार्वजनिक काका’ गणेश वासुदेव जोशी १८७७ च्या दिल्ली दरबारात हातच्या सुताच्या खादीत गेले. १९०५ नंतर टिळकांनी स्वदेशीला राजकारणाचे हत्यार बनवले. काँग्रेसच्या दोन गटांची जुळणी आणि मुस्लिम लीगशी करार या दोन्ही गोष्टी १९१६ च्या डिसेंबरात लखनऊच्या अधिवेशनात घडल्या, आणि टिळक त्यात अग्रभागी होते. ‘स्व’ हे एक अक्षर लागल्यावर देशी हे वर्णन उरले नाही, तो निर्धार झाला. मात्र हे ‘स्व’ कोणाचे, हा प्रश्नही त्याच अक्षराबरोबर आला.

आदि, मूळ आणि भूमी

‘देशी’ जागा सांगतो. ‘आदिवासी’ आणि ‘मूलनिवासी’ काळ सांगतात : कोण आधी आले. ‘मुलकी’ आणि ‘भूमिपुत्र’ हक्क सांगतात : कोणाला काय मिळावे. इंग्रजीतल्या ‘इंडिजिनस’ या एका शब्दात हे तिन्ही अर्थ मिसळतात, म्हणून भाषांतरात घोटाळा होतो.

आदिवासींच्या अभ्यासात लखनऊ आणि मुंबई या दोन केंद्रांनी दोन वाटा धरल्या. लखनऊ विद्यापीठात १९२८ पासून धीरेंद्रनाथ मजुमदार यांनी मानवशास्त्राची परंपरा उभी केली. हो, थारू आणि इतर जमातींत त्यांनी क्षेत्रकार्य केले, १९४५ मध्ये एथ्नोग्राफिक अँड फोक कल्चर सोसायटी स्थापली आणि १९४७ मध्ये ‘ईस्टर्न अँथ्रोपॉलॉजिस्ट’ हे नियतकालिक सुरू केले. जमात बाहेरच्या समाजाशी संबंध येताना कशी बदलते, हा त्यांच्या अभ्यासाचा गाभा होता. मुंबईत मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९४३ च्या ग्रंथात ‘आदिम’ या बिरुदालाच हरकत घेतली. भारतात आधी कोण आले हे ठरवता येणार नाही आणि या जमाती म्हणजे मागासलेले हिंदू आहेत, अशी त्यांची मांडणी होती. मानवशास्त्रज्ञ व्हेरिअर एल्विन यांनी मात्र या जमातींच्या वेगळेपणाच्या रक्षणावर भर दिला होता. ‘वनवासी’ हा पर्याय रमाकांत केशव देशपांडे यांनी १९५२ मध्ये जशपूरला सुरू केलेल्या कल्याण आश्रमाने रुजवला. त्यात काळाचा दावा नाही, राहण्याची जागा आहे. नेमक्या याच कारणाने अनेक आदिवासी संघटनांना तो अमान्य आहे. या वादात पुढे आदिवासींचा स्वतःचा आवाज आला. वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ (१९८७) हा भिलोरी-मराठी कवितासंग्रह त्याची ठळक खूण आहे.

‘मूलनिवासी’ या कल्पनेची मराठीतली वाट महात्मा फुल्यांच्या ‘गुलामगिरी’पासून (१८७३) सुरू होते. बळीराजा आणि बाहेरून आलेले विजेते अशी कथा त्यांनी शोषितांच्या हाती दिली. डॉ. आंबेडकरांनी मात्र १९४६ च्या शूद्रांविषयीच्या ग्रंथात आर्यांच्या आक्रमणाचा सिद्धांत नाकारला आणि विषमतेचे मूळ समाजरचनेत शोधले. एकाच मुक्तिपरंपरेतल्या या दोन थोर विचारवंतांचे उत्तर निराळे आहे. यावरून दिसते की न्यायाची मागणी ‘आधी कोण आले’ या पुराव्यावर अवलंबून ठेवण्याची गरज नाही.

कायद्याने या शब्दांना आकडे लावले. हैदराबाद संस्थानात, ज्यात मराठवाडा होता, मुलकी ठरण्यासाठी १५ वर्षांच्या वास्तव्याची अट होती. २०२१ मध्ये गोवा विधानसभेने संमत केलेल्या विधेयकात ३० वर्षे राहणारा ‘भूमिपुत्र’ ठरत होता. हा शब्द आमचा आहे, असे सांगत आदिवासी समाजांनी विरोध केला आणि सरकारला तो मागे घेण्याची तयारी दाखवावी लागली. २००६ च्या वनहक्क कायद्याने जमातींबाहेरच्या पारंपरिक वननिवासींसाठी तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची, अट ठेवली. याच कायद्याखाली गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. लखीमपूर खिरीच्या दुधवा जंगलालगतच्या थारूंसाठीही तोच कायदा आधाराचा आहे. थारूंना उत्तर प्रदेशात अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला १९६७ मध्ये. तराईत त्यांची वस्ती त्याआधी कितीतरी पिढ्यांची. कागदावरचे देशीपण मात्र त्या वर्षापासूनचे. मूळ रहिवाशांच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००७ च्या जाहीरनाम्याला भारताने पाठिंबा दिला, पण सगळेच भारतीय इथले मूळचे आहेत ही आपली भूमिका कायम ठेवली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या एका भिल्ल महिलेवरील अत्याचाराच्या खटल्यात मात्र आदिवासी हे इथल्या मूळ रहिवाशांचे वंशज असल्याचे म्हटले.

बी आणि कलम

शेतीत देशीची जोडी सर्वांत स्पष्ट असते, आणि सर्वांत फसवीही. अवधच्या आमराईत ‘देसी’ आंबा म्हणजे कोयीपासून उगवलेला; त्याच्यासमोर ‘कलमी’. मराठीत त्यालाच रायवळ म्हणतात. इथे विदेशीचा संबंधच नाही. लखनऊजवळच्या काकोरीलगत दशहरी गावातले जुने झाड हे दशहरी आंब्याचे मूळ मानतात. ते स्वतः कोयीचे, म्हणजे देसी. त्याच्या कलमांनी मलिहाबादच्या बागा उभ्या राहिल्या. हापूसला तर नावच पोर्तुगीज मिळाले, तरी कोकणाची ओळख म्हणून त्याहून मराठी फळ सांगता येणार नाही.

पेरूची गोष्ट त्याहून बोलकी आहे. हे झाड मूळचे अमेरिका खंडातले. पुण्याच्या गणेशखिंड प्रयोगक्षेत्रावर लखनऊच्या बियाण्यापासून वाढवलेल्या रोपांतून १९२७ मध्ये एक वाण निवडला गेला. त्याचे नाव ‘लखनऊ-४९’, म्हणजेच ‘सरदार’. अमेरिकेचे झाड, लखनऊचे बी, पुण्याची निवड. आणि आज महाराष्ट्राच्या शेतकऱ्याला तो आपला पेरू वाटतो. मिरची, बटाटा, टोमॅटो यांचीही कुळे अशीच समुद्रापलीकडची. याचा अर्थ देशी वाणांचे जतन निरर्थक आहे असा नाही. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणे गोळा करून जपले, त्यासाठी २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या बियाण्याचे मोल ते कोणत्या शतकात आले यात नाही. ते इथल्या मातीत, इथल्या पावसावर निवडत-निवडत घडले आणि शेतकऱ्याला पुन्हा पेरता येते, यात आहे. देशीपणाची ही सर्वांत टिकाऊ कसोटी म्हणता येईल : उगम कुठला यापेक्षा जोपासना कोणाची.

देशीवाद आणि आजचा प्रश्न

साहित्यात देशीचा विचार १९८० च्या दशकात भालचंद्र नेमाडे यांनी ‘देशीवाद’ या नावाने मांडला. ‘टीकास्वयंवर’मधून (१९९०) तो सर्वदूर पोहोचला. प्रत्येक साहित्य आपल्या भूमीतून, आपल्या भाषासमूहातून उगवते आणि त्याची मोजमापे बाहेरून आयात करता येत नाहीत, हे त्याचे सूत्र. गणेश देवी यांनी ‘आफ्टर अम्नेशिया’त (१९९२) मार्ग-देशीचा आधार घेऊन भारतीय समीक्षेच्या विस्मृतीचा शोध घेतला. वसाहतीने दिलेला न्यूनगंड झटकायला या विचाराने बळ दिले. त्यावरचे आक्षेपही गंभीर आहेत. देशी म्हणून जपले जाते त्यात जात आणि स्त्रीचे दुय्यमत्वही येते का? गाव ज्यांना सोडावे लागले त्यांची देशी भूमी कोणती? परक्या भाषांकडून घेतलेले जे पचले, ते देशी झाले की नाही?

हे प्रश्न आज ग्रंथालयापुरते राहिलेले नाहीत. सप्टेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने देशी गायीला ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित केले. नोकऱ्यांत स्थानिकांचा वाटा, जंगलावरचा हक्क, बियाण्याची मालकी, शाळेची भाषा : प्रत्येक निर्णयात देशी, स्थानिक, मूळचा यांपैकी एखादा शब्द बसलेला आहे, आणि त्याच्या अर्थावर कोणाचे तरी घर, जमीन किंवा पोटपाणी अवलंबून आहे. परदेशांत तर ‘देसी’ म्हटल्यावर भारत, पाकिस्तान आणि बांगलादेशची माणसे एकाच नावाखाली येतात. घरी ज्या सीमा पक्क्या, त्या तिथे या शब्दाने पुसल्या जातात.

प्रस्तुत संग्रह या शब्दाची एकच व्याख्या करत नाही. संगीत, व्याकरण, राजकारण, मानवशास्त्र, कायदा, शेती आणि समीक्षा या सात क्षेत्रांत देशी कोणाच्या तोंडी आला, कोणाच्या समोर उभा राहिला आणि त्यामुळे कोणाला काय मिळाले वा नाकारले गेले, याची नोंद करणे हे त्याचे काम आहे. लखनऊ आणि महाराष्ट्र यांच्यातल्या देवाणघेवाणीवर भर देण्याचे कारणही हेच. एका ठिकाणचे देशी दुसऱ्या ठिकाणी परदेशी कसे होते, आणि परके पुन्हा आपले कसे होते, हे दोन्हीकडून पाहिल्याशिवाय कळत नाही. वाचकाने प्रत्येक लेखात तीन प्रश्न सोबत ठेवावेत : इथे शब्द जागेविषयी बोलतो, काळाविषयी की हक्काविषयी, त्याचा समोरचा शब्द कोणता, आणि ही जोडी लावली कोणी. या तिन्हींची उत्तरे मिळाली, की त्या ठिकाणापुरता ‘देशी’चा अर्थ निश्चित होतो.